पारबतामायचा लव्हाळा

दुसऱ्याच्या घरात भाड्यानं राहायचं म्हणजे चार गोष्टी सोसाव्या लागतात, हे मला कबूल आहे. छप्पर गळतं, मालकाची म्हैस आपल्या खिडकीत तोंड घालते, पाहुणे आले की आपली खोली त्यांची होते. पण माझ्या आंघोळीवर कुणी मालकी सांगेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. जानेफळच्या पारबतामायनं ती सांगितली. मी तिच्या घरात होतो तोवर अंग तेवढं माझं होतं. अंगावरून ओघळणारं पाणी तिचं होतं.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा आणि नव्या मास्तराला कुठे फेकतील याला धरबंध नसायचा. अमरावतीत वाढलेला मी मेहकर तालुक्यात येऊन पडलो. बैलांच्या दमणीतून ट्रंक उतरवली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलो होतो. दारात एक उंच, हाडकुळी, साठीकडे झुकलेली बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. मी नमस्कार केला. तिनं या म्हटलं नाही की बसा म्हटलं नाही.

"मास्तर होय का?" ती म्हणाली. "आंघोळ करता?"

मला भरून आलं. केवढं हे अगत्य! परसात कुडाच्या आडोशाला दगडाची न्हाणी होती, घंगाळात पाणी तयार होतं. मी बसलो आणि कुडापलीकडून चौकशी सुरू झाली.

"लगन झालं का, मास्तर?"

"झालं, नुकतंच. बायको अमरावतीला आहे, माझ्या आईजवळ."

"तिले भाऊ किती?"

"भाऊ नाही. तिघी बहिणीच."

"मामा?"

"मामाही नाहीत."

पलीकडे तिनं चुकचुक केली. मग, "अरे देवा. मंग तिच्या लेकराच्या पाचवीले चटई कोन आनीन?"

माझ्या डोळ्यांत फेस गेला होता. कसली चटई, कुणाचं लेकरू, मला काही उमगेना. तेवढ्यात कुडावरून तिचं डोकं वर आलं आणि असा ओरडा झाला की माझ्या हातातला तांब्या निसटला.

"साबन! मास्तर, साबन लावता? माहा लव्हाळा मारता का?"

अशी आमची ओळख झाली.

न्हाणीच्या दगडापासून एक पाट काढलेला होता. तो परसाच्या कोपऱ्यातल्या एका उथळ खड्ड्यात जात होता. खड्ड्यात तळ्यातला गाळ भरलेला आणि त्यात टीचभर उंचीच्या, पिवळट, केविलवाण्या काड्या उभ्या. हा तिचा लव्हाळा. नदीकाठी कमरेइतका वाढतो, त्याच्या काड्या वाळवून चटया विणतात, तो. शेतात उगवतो तो गाठीचा मोथा वेगळा. त्याच्याशी शेतकऱ्याचं सात पिढ्यांचं वैर. पण दोघं दिसायला एकाच रक्ताचे, आणि मायचा लव्हाळा तर इतका खुरटलेला की मोथ्यानंही त्याला भाऊबंद म्हणून हसत घरात घेतलं असतं.

त्यातून एक विलक्षण त्रास उभा राहिला होता. त्या भागात कुणाही शेतकऱ्याला मोथा दिसला की त्याचा हात आपोआप खाली जातो. बोलता बोलता तो वाकतो, बोटांत बुडखा धरतो, हलकेच पिळतो आणि मुळासकट उपटून बाजूला टाकतो. आपण काही केलं हे त्याला कळतही नाही. मायच्या परसात आलेला प्रत्येक माणूस असा वाकायचा. व्याही वाकले, तेली वाकला, लग्नाची पत्रिका घेऊन आलेला पाहुणा अक्षता देता देता वाकला. म्हणून मायनं कायदाच केला होता की खड्ड्याच्या बाजूला कुणी वाकायचं नाही. माझं उपरणं एकदा वाऱ्यानं तिकडे उडालं, तर मला ते काठीनं उचलावं लागलं.

साबण बंद झाला. शिकेकाई बंद झाली. डाळीच्या पिठाला परवानगी होती. आंघोळ सकाळी नाही, दुपारी नाही, ऊन कलल्यावर, कारण "तापल्या मुळाले पानी दिलं तं मूळ उकडते." मी शाळेतून घामाघूम होऊन यायचो तर ती दाराशीच. "थांबा मास्तर. आजून ऊन हाये." मी थांबायचो. आणि ज्या दिवशी हवेत गारठा असे, अंगावर पाणी घ्यायची इच्छा नसे, त्या दिवशी बरोब्बर हाक यायची, "मास्तर, आंघोळ राह्यली ना तुमची!"

तिचे यजमान सीतारामजी अबोल माणूस. ते शेतातल्या विहिरीवर आंघोळ उरकून येत. माय ते फितुरीच्या हिशेबात धरायची. "घरचं पानी वावरात सांडते हा मानूस," असं ती त्यांच्या पाठीमागे नाही, त्यांच्या तोंडावर, जेवायला वाढता वाढता म्हणे. सीतारामजी भाकरीवर ठेचा ओढत आणि माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत. सुटलेल्या कैद्यानं आत राहिलेल्याकडे पाहावं तसं.

पहिल्या पावसाळ्यानंतर मला हिवताप आला. येणारच. त्या खड्ड्यात डास इतके माजले होते की संध्याकाळी त्यांचा आवाज भजनासारखा लागायचा. मी दोन गोधड्या घेऊन कुडकुडतोय आणि माय उशाशी बसून कपाळाला हात लावतेय. खरं सांगायचं तर सेवा तिनं आईसारखी केली. काढा केला, पेज भरवली. पण तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, "आंघोळ नका करू, मास्तर, ते खरं हाये. पन पाय तं धुसान का नाही?"

मी उठलो आणि पाय धुतले. न धुवून सांगतो कुणाला?

शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले तेव्हा तर तिनं कहर केला. साहेबांचा मुक्काम पाटलाकडे होता. माझ्या खोलीवर ते केवळ पाच मिनिटं टेकले होते, तेवढ्यात माय पुढे झाली. "साहेब, पानी तापलं हाये. लांबून आले, आंघोळ करा." साहेब खूश. मी मागून खुणा करतोय, पण मला कोण विचारतो? आंघोळ करून धोतर नेसत साहेब बाहेर आले. मोठे साहेब खरे, पण मूळचे कास्तकाराच्या घरचे. नजर खड्ड्यावर गेली, हात खाली गेला आणि एक सबंध बुडखा मुळासकट वर आला.

"काय मास्तर," ते बुडखा झटकत म्हणाले, "घरात हा मोथा, तर शाळेच्या बागेत काय असेल!"

मायनं तो बुडखा त्यांच्या हातातून काढून घेतला. "साहेब, तुमी शाळा तपासा," ती म्हणाली. "आंगन नका तपासू." आणि त्यांच्यासमोर खाली बसून तो परत लावला, वर साहेबांच्याच उरलेल्या पाण्याचा तांब्या ओतला. साहेब त्या दिवशी मुलांना पाढे विचारताना माझ्याकडे बघतही नव्हते.

त्या संध्याकाळी मी चिडून विचारलं, "माय, हे कशासाठी चाललंय? चटईच हवी ना? बाजारात ढीग पडलाय. नाहीतर नदीवरून चार भारे आणवा."

"बाजारची चटई मढ्याले," ती म्हणाली. "बाळाले नाही."

मग सगळं बाहेर आलं. तिच्या माहेरी, पैनगंगेच्या काठच्या गावात रीत होती. मूल झालं की पाचवीच्या पूजेला बाळ-बाळंतिणीला नव्या लव्हाळ्याच्या चटईवर बसवायचं. लव्हाळा आपल्या काठचा पाहिजे, चटई घरची विणलेली पाहिजे, आणि ती बाळंतिणीच्या भावानं खांद्यावर घेऊन यायला पाहिजे. भाऊ नसेल तर मामानं. मायला एकच लेक, रुक्मी, अमडापूरला दिलेली. तिला भाऊ नव्हता, म्हणजे चटई आणायची मामानं. मामा होता. मायचा पाठचा भाऊ, दगडू. पण त्याच्याशी बोलणं तुटलं होतं.

रुक्मीच्या लग्नात मुहूर्त जवळ आला तरी दगडूमामाची दमणी येईना. वाटेत चाकाचा आख मोडला होता. इकडे भटजी घाई करू लागले, तेव्हा मायनं नात्यातल्या दुसऱ्याच एकाला मामा म्हणून नवरीमागे उभं केलं. अक्षता पडत असताना दगडूमामा मांडवात शिरला आणि आपल्या जागी दुसरा माणूस त्यानं पाहिला. पाणीसुद्धा न पिता त्यानं दमणी वळवली. जाताना म्हणाला, "मामा भेटला ना तुले दुसरा? मंग चटईबी त्याच्याचकडून घे."

"म्हून म्या ठरवलं," माय म्हणाली. "तुह्या नदीची काडी मले नोको. माही नदी मी माह्या आंगनात आनतो."

"अहो, पण नदी ती नदी. तांब्याभर पाण्यानं कशी येईल?"

"तुमी आंघोळी वाढवा, मंग येते का नाही पाहा."

आता या बाईशी काय बोलायचं? ती आणि तिचा भाऊ, दोघंही एकाच हट्टाच्या मातीचे, आणि शिक्षा मला. पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायची. रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की तिचा हात कामात असला तरी थांबायचा. दमणी पुढे निघून गेली की ती आणखी जोरानं भांडी घासायची. ती भावाची वाट पाहत होती, दुसरं काही नाही. हे मी तिला एकदा तोंडावर सांगितलं असतं, पण खोली सोडावी लागली असती.

दुसऱ्या उन्हाळ्यात रुक्मी बाळंतपणाला आली. गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या, मारुतीच्या विहिरीवर घागरीमागे भांडण. लव्हाळा मोजून हातभर झाला होता, चटईला तो दोन हात तरी पाहिजे. माय रोज हात लावून मोजायची आणि रोज तो तेवढाच भरायचा. तिनं आळीतल्या बायकांकडे धुण्याचं, तांदूळ धुतल्याचं पाणी मागायला सुरुवात केली. मी स्वतः पिण्याच्या घागरीतला एक तांब्या, शिव्या घालत का होईना, त्या खड्ड्यात ओतत होतो. आतून रुक्मीचा सूर चालू असायचा.

"माय, मामाले निरोप धाड ना."

"नाही."

"मले मामाचीच चटई पायजे."

"तुले माही चटई भेटीन. गप पडून राह्य."

रुक्मी रडायची. पोट सांभाळत, भिंतीकडे तोंड करून रडायची. मायला ते ऐकू यायचं आणि ती परसात जाऊन पुन्हा एकदा लव्हाळा मोजायची.

वैशाखात रुक्मीला मुलगा झाला. सगळं सुखरूप. दुसऱ्या दिवशी माय विहिरीवर गेली होती, सीतारामजी शेतात होते, सकाळची शाळा सुटून मी भात टाकत होतो. बाहेर घुंगरं वाजली, थांबली. दारात एक आडदांड म्हातारा, लाल पागोटं, खांद्यावर गुंडाळलेली नवी हिरवट चटई. सीतारामजींनी दिवस भरत आले तेव्हाच शेतातून गुपचूप निरोप धाडला होता, हे नंतर कळलं.

मी पाणी पुढे केलं. "बाई आल्याबिगर नाही," दगडूमामा म्हणाला आणि परसात जाऊन बसला. मी भात बघायला आत गेलो. भात वेळून बाहेर येतो तो काय! खड्डा मोकळा. एकूण एक बुडखा उपटून, शेतकरी करतो तसा मुळं उन्हाकडे करून, कुडालगत नीट ढीग रचलेला. मामा हात झटकत होता.

"झालं साफ," तो समाधानानं म्हणाला. "बाळंतिनीच्या घरात येवढा मोथा माजू देते का कोनी? इच्चू निंघते."

तेवढ्यात डोक्यावर दोन घागरी घेऊन माय दारात आली. तिनं भाऊ पाहिला, मग चटई पाहिली, मग ढीग पाहिला. घागरी सावकाश उतरवल्या.

"काय केलं बे, दगडू?"

"काय केलं म्हंजे? मोथा काढला."

"तो लव्हाळा होता."

मामानं ढिगातली एक काडी उचलली, नखानं चिरली, हुंगली. नदीकाठी जन्म काढलेला माणूस तो. त्याचं तोंड उतरत गेलं. "बाई," तो म्हणाला, "म्या वळखला नाही वं. येवढा बारका असते का लव्हाळा?"

पारबतामाय खड्ड्याच्या काठावर बसली. दोन वर्षं तिनं गावाला सांगितलं होतं की हा लव्हाळा आहे, आणि तिच्या सख्ख्या भावालाही तो ओळखू आला नव्हता.

"त्या दिवशी आख मोडला होता, बाई," मामा खाली बघत म्हणाला. "पोट्टीच्या मांगं दुसरा मानूस पाह्यला अन वाटलं, माही जागाच गेली."

"मुहूर्त चालला होता निंघून. तिले तशीच उभी ठेवू का? पानी तरी पिऊन जायाचं होतं."

"तूबी आवाज नाही देला."

"म्या काऊन देऊ? मी थोरली हावो!"

आतून रुक्मीचा आवाज आला, "माय, मामा आला का?"

"आला," माय ओरडली. "अन येऊन माहं नाक कापलं!" मग पदर खोचून उठली. कोयता आणला, उपटलेल्या बुडख्यांची पाती सपासप कापून वेगळी केली आणि मुळं भावापुढे लोटली. "लाव."

"आता?"

"जसा उपटला तसा लाव. मंग पानी भेटीन."

पन्नाशी उलटलेला तो माणूस पागोटं बाजूला ठेवून उन्हात उकिडवा बसला आणि एकेक मूळ गाळात रोवू लागला. माय डोक्यावर उभी राहून चुका काढत होती. पाणी कुणाचं ओतलं, हे सांगायला नको. माझा तो दिवस आंघोळीविना गेला आणि त्याबद्दल मात्र मला कुणी विचारलं नाही.

कापलेल्या काड्या उन्हानं दोन दिवसांत वाळल्या. मायनं अंबाडीच्या सुतळीनं त्यांची वीतभर रुंदीची पट्टी विणली आणि भावाच्या चटईच्या टोकाला जोडून दिली. पाचवीला बाळाचं डोकं कुठल्या बाजूला यावं यावरून दोघांचं पुन्हा वाजलं. शेवटी डोकं मायच्या पट्टीवर आलं, बाकीचं बाळ मामाच्या चटईवर. रुक्मी हसत होती आणि बाळ त्या सगळ्या कालव्यात गाढ झोपलं होतं.

गंमत अशी की मामानं लावलेला लव्हाळा धरला. पावसाळ्यात असा फोफावला की कमरेला लागला. "त्याच्या हाताले पानी हाये," माय नाइलाजानं कबूल करायची. मला वाटलं, आता सुटलो. चटई झाली, भाऊ आला, आता हवी तेव्हा आंघोळ करू. छे! नियम एकही सैल झाला नाही. उलट मोठ्या लव्हाळ्याला पाणी जास्त.

पुढच्या हिवाळ्यात माझी बदली संग्रामपूरला झाली. बायकोला तेव्हा दिवस गेले होते, मायला ते मीच सांगितलं होतं. निघायचं ते भल्या सकाळी. मायच्या वेळापत्रकात अडकायला नको म्हणून मी पहाटेच शाळेच्या विहिरीवर आंघोळ उरकली. ट्रंक दमणीत चढली. मी पाया पडायला वाकलो, तर तिनं माझ्या ओल्या केसांना हात लावला.

"कुठी केली आंघोळ?"

"शाळेत."

तिचा चेहरा असा पडला की जणू मी चोरीच केली असावी. "मास्तर," ती म्हणाली, "तुमच्या घरवालीले भाऊ नाही ना? मामाबी नाही?"

"नाही."

"मंग तिच्या पाचवीले चटई कुठून येईन? हाच लव्हाळा इनीन मी. दगडू घेऊन येईन खांद्यावर, त्याले बोलली हावो मी. अन तुमी आपल्याच चटईचं पानी शाळेत सांडून आले?"

गाडीवान बैल जुंपून ओरडतोय, ऊन चढतंय. मी ट्रंक उघडली, तळाशी गेलेला पंचा ओढून काढला आणि त्या गारठ्यात न्हाणीच्या दगडावर परत बसलो. दात वाजत होते. रागही येत होता आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, तेही तिच्याच पाटात गेलं.

दमणी हलली तेव्हा मी मागे पाहिलं. माय दारात नव्हती. कुडापलीकडे तिची पाठ दिसत होती. ती वाकून, पाटात अडकलेला पाचोळा बोटांनी बाजूला करत होती, म्हणजे माझं पाणी शेवटपर्यंत जावं. मी हात केला, पण तिनं काही मान वर केली नाही. मेहकरपर्यंत ओला पंचा माझ्या मांडीवर होता.